वाचकांचे प्रश्न : सॅलरी कॅपचे नवे-जुने

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे एनएफएलमध्ये, दर मार्चमध्ये भरणाऱ्या खेळाडूंच्या बाजारावर या सदरात एक लेख लिहिला होता. वेतनाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे सॅलरी कॅपपेक्षा, कोट्यवधी डॉलर वर असलेला संघही त्याच आठवड्यात मोठा खेळाडू घेऊ शकतो आणि त्यात नियमभंग नसतो, असे एक वाक्य त्यात होते. बहुतेक पत्रे त्या एकाच वाक्यावर आली आहेत. मी व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे मला या पत्रांनी मनापासून आनंद झाला. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देतो. रकमा सर्वत्र डॉलरमध्ये आहेत आणि त्या आपल्या सवयीप्रमाणे लाख-कोटींत मांडल्या आहेत. आयपीएलच्या रकमा तेवढ्या रुपयांत आहेत.

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियमवरच्या तालमींच्या लढती. एनएफएलचा खेळ वेगळा, हे ठाऊक आहे. पण ही सॅलरी कॅप नेमकी कोण ठरवते आणि ‘फ्री एजंट’ कोणाला म्हणायचे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. दूरचित्रवाणीचे हक्क, तिकिटे, प्रायोजक अशा मार्गांनी येणारे स्पर्धेचे एकूण उत्पन्न किती असेल याचा अंदाज काढला जातो. २०२० मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारानुसार २०२१ पासून त्यातला किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा आहे. त्या वाट्यातून विमा, निवृत्तिवेतन आणि इतर सोयींचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे ३२ समान भाग केले की त्या वर्षीची कॅप मिळते. ही पद्धत १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाची मर्यादा ३ कोटी ४६ लाख होती. २०२५ साठी ती २७ कोटी ९२ लाख झाली. दंड भरून ती ओलांडण्याची सोय नाही. मर्यादेबाहेर नेणारा करार मंजूरच होत नाही.

चार मोसम पूर्ण केलेला आणि करार संपलेला खेळाडू हा पूर्ण मुक्त, म्हणजे फ्री एजंट. मोसम ‘पूर्ण’ धरण्यासाठी त्याचे नाव किमान सहा सामन्यांत पूर्ण वेतनावर असावे लागते. तीनच मोसम झाले असतील, तर बाहेरून आलेल्या प्रस्तावाएवढी रक्कम देऊन जुना संघ त्याला ठेवून घेऊ शकतो. एनएफएलचे आर्थिक वर्ष मार्चच्या मध्यावर, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी चार वाजता उलटते. २०२५ मध्ये तो क्षण १२ मार्चला आला. तेव्हा आपल्याकडे १३ मार्चची पहाट, दीड वाजलेला होता. त्या ठोक्याला प्रत्येक संघ मर्यादेत असलाच पाहिजे. वर्षाच्या या काळात संघाकडे ९० पर्यंत खेळाडू असू शकतात, म्हणून सर्वांत महाग ५१ खेळाडूंचीच पूर्ण रक्कम मोजली जाते. सप्टेंबरमध्ये सामने सुरू झाले की ५३ जणांच्या संघापासून जायबंदी खेळाडूंपर्यंत सर्वांची मोजणी होते.

आपण युरोपातला फुटबॉल पाहत असाल, तर यातले एक गणित ओळखीचे वाटेल. चेल्सीने २०२३ च्या जानेवारीत मिखाइलो मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार दिला, कारण हस्तांतराची रक्कम हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागली जाते. वर्षे जितकी जास्त, तितका दर वर्षीचा बोजा हलका. ही विभागणी पाच वर्षांपुरतीच धरावी असे प्रीमियर लीगने त्याच वर्षाच्या अखेरीस ठरवले. एनएफएलमध्येही पाच वर्षांचीच मर्यादा आहे, आणि पुढच्या प्रश्नाचे सारे उत्तर तिच्याभोवती फिरते.

प्रश्न : मी जिल्हा मध्यवर्ती बँकेतून निवृत्त झालो आहे. मार्चअखेर पीककर्जाचे नवे-जुने कसे चालते हे मी जवळून पाहिले आहे. मर्यादा ओलांडलेला संघ एका आठवड्यात मर्यादेत येतो आणि वर नवा खेळाडूही घेतो, हे वाचून मला तीच आठवण झाली. माझा अंदाज बरोबर आहे का, आणि असेल तर हे पाप शेवटी कोणाच्या माथी येते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपला अंदाज इतका नेमका आहे की या सदराचे शीर्षक मी आपल्या पत्रातूनच घेतले आहे.

खेळाडूच्या कराराचे ढोबळ दोन भाग असतात. मूळ वेतन ज्या वर्षाचे असेल त्याच वर्षाच्या कॅपमध्ये पूर्ण मोजले जाते. सही करताना मिळणारा बोनस मात्र खेळाडूच्या हाती लगेच पडत असला, तरी कॅपच्या वहीत तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, समान वाटून लिहिला जातो. समजा, पाच वर्षांच्या करारात ५ कोटींचा बोनस आणि पहिल्या वर्षी १२ लाखांचे मूळ वेतन आहे. मालकाच्या तिजोरीतून पहिल्या वर्षी ५ कोटी १२ लाख बाहेर गेले. कॅपमध्ये लागले ते अवघे १ कोटी १२ लाख.

आता ‘फेररचना’ म्हणजे काय ते पाहू. दुसऱ्या वर्षी याच खेळाडूचे मूळ वेतन २ कोटी १२ लाख आहे आणि संघाला मार्चमध्ये जागा हवी आहे. संघ त्यातले २ कोटी ‘बोनस’ या नावाने आताच देऊन टाकतो. कराराची चार वर्षे उरली असल्याने यंदा त्यातले ५० लाखच मोजले जातात आणि दीड कोटीची जागा मोकळी होते. खेळाडूचे यात काही जात नाही. पगार हप्त्याहप्त्याने मिळण्याऐवजी त्याला आधीच मिळतो. पुष्कळ करारांत हा अधिकार संघाने सुरुवातीलाच राखून ठेवलेला असतो, त्यामुळे त्याची परवानगीही घ्यावी लागत नाही. मोकळे झालेले दीड कोटी पुढच्या तीन वर्षांच्या माथी पन्नास-पन्नास लाखांनी चढतात. वर्षे अपुरी पडली, तर कराराच्या शेवटी ‘व्हॉइड इयर्स’ जोडतात. ही पोकळ वर्षे होत. त्या वर्षांत खेळाडू संघात नसणार हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते, पण बोनसचे तुकडे ठेवायला फळी मिळते.

उधारी घेणे मला चुकीचे वाटत नाही. ती कधी फेडायची हे न ठरवता दर मार्चमध्ये तिचे नवे-जुने करत राहणे चुकीचे वाटते. एकाच विभागातल्या दोन संघांची वाट यापुढे वेगळी झाली, म्हणून त्यांची उदाहरणे देतो.

न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे जनरल मॅनेजर मिकी लूमिस यांनी अनेक वर्षे हाच मार्ग चालवला. ड्रू ब्रीझसारखा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, हाताशी असताना विजेतेपदाची संधी सोडायची नाही, यासाठी बोजा पुढे ढकलत राहण्याला अर्थ होता. कॅप दर वर्षी वाढते, हे सारे त्यांनी गृहीत धरले होते. पण २०२० चा मोसम साथीमुळे जवळजवळ रिकाम्या मैदानांत झाला आणि २०२१ ची कॅप १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली. त्या वर्षीच्या आरंभी सेंट्स मर्यादेपेक्षा सुमारे १० कोटींनी वर होते. ब्रीझने निवृत्त होताना आपले त्या वर्षीचे वेतन अडीच कोटींवरून किमान पातळीवर आणून संघाला हातभार लावला, बाकीचे पुन्हा फेररचनांनी भागवले गेले. संघ मर्यादेत आला. त्यानंतरही दर मार्चमध्ये हेच होत राहिले, आणि २०२१ ते २०२४ या चार मोसमांत सेंट्स एकदाही प्लेऑफपर्यंत पोहोचले नाहीत. चांगल्या संघासाठी केलेली उधारी मध्यम संघासाठी फिरवत राहावी लागली, हे मला त्यातले सर्वांत दुःखद वाटते.

टँपा बे बक्कनिअर्सनीही मनसोक्त उधारी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकल्यावर त्यांनी सुरुवातीच्या फळीतले सर्व २२ खेळाडू पुढच्या मोसमासाठी राखले, आणि ते पोकळ वर्षांचा सढळ वापर केल्यामुळेच शक्य झाले. त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी निवृत्त झाला तेव्हा २०२३ च्या कॅपमध्ये एकट्या त्याच्या नावावर ३ कोटी ५१ लाखांचा बोजा पडला. त्यांनी तो पुढे ढकलण्याच्या वाटा शोधल्या नाहीत. एका वर्षात सोसून टाकला, ४० लाखांच्या मूळ करारावर बेकर मेफिल्डला आणले, आणि तरीही ९ विजय व ८ पराभवांसह आपला विभाग जिंकला. वही स्वच्छ झाल्यामुळे पुढच्याच मार्चमध्ये मेफिल्डला तीन वर्षांसाठी १० कोटींचा करार देता आला.

उधारीच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे आणि तो आपल्यासारख्या बँकेतल्या माणसाला लगेच पटेल. कॅपमध्ये पुढे ढकललेल्या रकमेवर व्याज लागत नाही, उलट कॅप वाढत असल्याने तिचे वजन घटते. १ कोटीचा बोजा २०२० च्या कॅपमध्ये सुमारे ५ टक्के जागा खात होता. तोच २०२५ मध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपास खातो. बिनव्याजी कर्ज न घेणारा व्यवस्थापक आपल्या संघावर अन्यायच करतो. फक्त ते कोणत्या खेळाडूवर घ्यायचे, हा विवेक हवा. फिलाडेल्फिया ईगल्सच्या हाउवी रोझमन यांनी जेलन हर्ट्सला २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी २५ कोटी ५० लाखांचा वाढीव करार दिला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. २०२४ च्या कॅपमध्ये तो सुमारे १ कोटी ३५ लाखांतच बसला. चोवीस वर्षांच्या क्वार्टरबॅकच्या पुढच्या दहा वर्षांवर उधार घेणे आणि तेहतीस वर्षांच्या बचावपटूच्या गुडघ्यांवर उधार घेणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

प्रश्न : आम्ही पंधरा वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि घरातली सगळी न्यू यॉर्क जायंट्सची भक्त आहेत. सॅक्वॉन बार्कलीला आमच्या संघाने सोडले आणि तो थेट फिलाडेल्फियाला जाऊन सुपर बोल जिंकून बसला. माझी मुलगी त्या रात्री रडली. वर्षाला सव्वा कोटीच्या माणसासाठी आमच्या संघाकडे खरोखरच पैसे नव्हते का? (एक वाचक भगिनी, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : ताई, आपल्या मुलीचे दुःख मला समजते. पैसे होते, ते दुसरीकडे लावायचे असे संघाने ठरवले, आणि त्या निर्णयाचे मूळ एक वर्ष आधीचे आहे.

मार्च २०२३ मध्ये क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स आणि बार्कली या दोघांचेही करार संपत होते. संघाच्या हाती अशा वेळी ‘फ्रँचायझी टॅग’ असतो. वर्षाला एकाच खेळाडूवर तो लावता येतो, आणि त्या जागेवर खेळणाऱ्या सर्वांत महाग पाच जणांच्या सरासरीच्या हिशेबाने, किंवा त्याच्या आधीच्या वेतनाच्या १२० टक्के यांतले जे जास्त असेल ते, एका वर्षासाठी देऊन त्याला थांबवता येते. टॅग लावण्याची मुदत संपायला काही मिनिटे असताना जोन्सशी चार वर्षांचा १६ कोटींचा करार झाला आणि त्यामुळे मोकळा राहिलेला टॅग बार्कलीला लागला, सुमारे १ कोटी १ लाखाचा. टॅगची संपूर्ण रक्कम त्याच वर्षाच्या कॅपमध्ये लागते, ती विभागता येत नाही. म्हणजे बार्कली महाग पडला आणि दुखावलाही गेला. २०२४ मध्ये तोच टॅग पुन्हा लावला असता, तर १ कोटी २१ लाख लागले असते. त्या वर्षी जोन्सच्या नावावर कॅपमध्ये सुमारे ४ कोटी ७० लाख होते, आणि त्याच मार्चमध्ये जायंट्सनी ब्रायन बर्न्सला आणून पाच वर्षांसाठी १४ कोटी १० लाखांचा करार दिला. चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूसाठी, म्हणजे रनिंग बॅकसाठी, जागा ठेवलीच नव्हती.

ईगल्सनी बार्कलीला तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार कबूल केले आणि पोकळ वर्षे जोडून पहिल्या वर्षी कॅपमध्ये ४० लाखांहूनही कमी बोजा पडेल अशी रचना केली. त्या मोसमात तो २,००५ यार्ड धावला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०–२२ असे हरवले. जोन्सला जायंट्सनी त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, मुक्त केले होते.

तरीही २०२४ मध्ये सत्तावीस वर्षांच्या रनिंग बॅकला जाऊ देणे हा निर्णय सुटा घेतला, तर मी त्याला मूर्खपणा म्हणणार नाही. या जागेवरचे खेळाडू लवकर झिजतात आणि बहुतेक संघ याच विचाराने वागतात. चूक झाली ती २०२३ मध्ये: ज्याच्याबद्दल खात्री नव्हती त्या क्वार्टरबॅकला लांब करार आणि ज्याच्याबद्दल खात्री होती त्याला एका वर्षाचा टॅग. जोन्सला टॅग लावून आणखी एक वर्ष पारखायला हवे होते, असे माझे मत आहे.

आवडता खेळाडू सोडल्याने संघ बुडतोच असे नाही, हे मुलीला सांगताना कॅन्सस सिटीचे उदाहरण द्यावे. मार्च २०२२ मध्ये त्यांनी टायरीक हिलला पाच ड्राफ्ट निवडींच्या, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याच्या पाच संधींच्या, बदल्यात मायामीला दिले, मायामीने त्याला चार वर्षांसाठी १२ कोटींचा वाढीव करार दिला, आणि हिलशिवाय कॅन्सस सिटीने पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले. तेव्हा त्या शहरातल्या मुलीही रडल्या असतील.

प्रश्न : मी सीएच्या अंतिम परीक्षेचा अभ्यास करतो आहे. ‘डेड मनी’ हे बुडीत कर्जासारखे समजावे का? आणि १ जूनच्या तारखेचे महत्त्व काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बुडीत कर्जापेक्षा भंगारात काढलेल्या यंत्राची उपमा जवळची आहे. यंत्राची किंमत आपण पूर्वीच मोजलेली असते, घसारा मात्र वर्षावर्षाला लिहितो. आयुष्य संपायच्या आत ते भंगारात काढले, तर शिल्लक पुस्तकी मूल्य एकदम नफा-तोटा पत्रकात येते. बोनसचेही तसेच. वरच्या ५ कोटींच्या उदाहरणात फेररचना झालीच नाही असे धरून खेळाडूला दोन मोसमांनंतर सोडले, तर न लिहिलेले ३ कोटी तिसऱ्या वर्षाच्या कॅपमध्ये एकरकमी येतात. हेच डेड मनी. त्या वर्षीचे त्याचे मूळ वेतन २ कोटी असेल, तर ठेवला तरी ३ कोटी आणि सोडला तरी ३ कोटी. म्हणजे सोडून जागा शून्य मिळाली. पुष्कळ थकलेले खेळाडू आणखी एक वर्ष संघात दिसतात, त्याचे कारण हे असते.

१ जूननंतर सोडले तर मात्र त्या वर्षी फक्त त्या वर्षाचा १ कोटीचा तुकडा लागतो आणि उरलेले २ कोटी पुढच्या वर्षावर जातात. दोन खेळाडूंपुरती ही सवलत संघाला मार्चमध्येच जाहीर करता येते. पण जागा प्रत्यक्ष मोकळी होते ती १ जून उलटल्यावर, तोवर जुनाच आकडा वहीत राहतो. त्यामुळे मार्चच्या बाजारात हिचा उपयोग नाही. जून-जुलैतले नवोदितांचे करार आणि मोसमातली अडीअडचण यांसाठी ती कामी येते. वृत्तांत लिहिणारे अनुभवी पत्रकारही येथे पुष्कळदा घसरतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

डेन्व्हर ब्रॉन्कोसनी क्वार्टरबॅक रसेल विल्सनच्या बाबतीत हीच सवलत वापरली. सप्टेंबर २०२२ मध्ये, त्यांच्यासाठी एकही सामना खेळण्यापूर्वी, त्याला पाच वर्षांचा २४ कोटी ५० लाखांचा वाढीव करार दिला गेला. मार्च २०२४ मध्ये त्याला सोडले तेव्हा डेड मनी होते ८ कोटी ५० लाख, त्यातले ५ कोटी ३० लाख २०२४ मध्ये आणि ३ कोटी २० लाख २०२५ मध्ये. इतका फटका सोसून त्याला तेव्हाच का सोडले, असे आपण विचाराल. तो आणखी काही दिवस संघात राहिला असता, तर २०२५ च्या वेतनातले ३ कोटी ७० लाखही हमीचे झाले असते. झालेला खर्च परत येत नाही हे मान्य करून पुढचा खर्च थांबवणे, हा आपल्या अभ्यासक्रमातलाच धडा आहे. त्याच वर्षी बाराव्या क्रमांकाने निवडलेल्या बो निक्सला घेऊन डेन्व्हर १० सामने जिंकले आणि २०१५ च्या मोसमानंतर प्रथमच प्लेऑफमध्ये गेले.

प्रश्न : आयपीएलचे संघ अशा युक्त्या का करत नाहीत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तेथे रक्कम वर्षांवर पसरण्याची तरतूदच नाही. २०२५ च्या मोसमापूर्वीच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची थैली १२० कोटी रुपयांची होती. लखनौने ऋषभ पंतसाठी २७ कोटी रुपये लावले, ते एका मोसमाचे आणि पूर्णपणे त्या थैलीतून वजा झालेले. मला यापेक्षा मोठा वाटणारा फरक असा, की लिलावातल्या खेळाडूला आपला संघ निवडता येत नाही. एनएफएलमधला मुक्त खेळाडू घर, प्रशिक्षक, करांचे दर, बायको-मुलांची शाळा, सगळे पाहून स्वतः ठरवतो.

प्रश्न : या सगळ्या हिशेबात खेळाडूचे हित कोठे आहे? कॅप म्हणजे मालकांनी एकत्र येऊन मजुरी दाबून ठेवणेच नव्हे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या शंकेला इतिहासाचा आधार आहे. करार संपला तरी खेळाडूला मोकळेपणाने दुसरीकडे जाता येत नव्हते, अशी एनएफएलची स्थिती नव्वदीच्या दशकाच्या आरंभापर्यंत होती. फ्रीमन मॅकनील आणि इतर खेळाडूंच्या खटल्यात सप्टेंबर १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने मालकांचे निर्बंध कायद्याविरुद्ध ठरवले. मग रेजी व्हाइट याच्या नावाने चाललेल्या दाव्यात समेट झाला आणि १९९३ मध्ये खरी फ्री एजन्सी आली. त्याच व्हाइटला ग्रीन बे पॅकर्सनी चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख दिले. मालकांनी फ्री एजन्सी मान्य केली ती कॅपच्या बदल्यात. दोन्ही एकाच सौद्याची दोन टोके आहेत, आणि त्या सौद्यात उत्पन्नातला वाटा लेखी मिळाला ही खेळाडूंची मोठी कमाई होती.

खेळाडूंवर खरा अन्याय होतो तो हमीच्या बाबतीत. बातमीत छापलेली करारातली मोठी रक्कम आणि हमीची रक्कम यांत फार अंतर असते. शेवटच्या वर्षांतले मोठे आकडे बहुधा कधीच हाती पडत नाहीत, कारण हमी नसलेल्या वेतनाचा खेळाडू संघ सोडू शकतो. हा खेळ किती शरीरे मोडतो ते पाहता मला ही पद्धत कठोर वाटते. ती वाकवून दाखवली कर्क कझिन्सने. वॉशिंग्टनने त्याला २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे टॅग लावला, अनुक्रमे सुमारे २ कोटी आणि २ कोटी ३९ लाखांचा. तिसऱ्यांदा लावायचा तर नियमाने १४४ टक्के, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी लागले असते. तो मोकळा झाला आणि २०१८ मध्ये मिनेसोटाकडून तीन वर्षांचे ८ कोटी ४० लाख पूर्ण हमीसह घेऊन गेला. २०२२ मध्ये क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला २३ कोटींची पूर्ण हमी दिली. निलंबन, दुखापती आणि दर वर्षीच्या फेररचना असा तो करार पुढे गेल्यावर इतर मालकांनी त्याकडे बोट दाखवून हात आखडते घेतले. एका वाईट निर्णयाची किंमत त्यात सहभागी नसलेल्या खेळाडूंनी मोजावी, हे मला मान्य नाही.

प्रश्न : मार्च २०२५ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को फोर्टीनाइनर्समधून एवढे खेळाडू एकाच वेळी का गेले? संघ मोडीत निघाला असे आम्हाला वाटले. (एक वाचक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

उत्तर : याचे मूळ क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीच्या करारात आहे. त्याचे नाव २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकाला पुकारले गेले. नवोदितांचे वेतन क्रमांकावर ठरत असल्याने २०२४ मध्येही त्याचे मूळ वेतन १० लाखांच्या आत होते. इतर संघ क्वार्टरबॅकवर ४ ते ५ कोटी खर्च करत असताना या संघाला ते पैसे बाकीच्या जागांवर लावता आले, आणि दोन वर्षे आपण पाहिलेला तो भरगच्च संघ त्यातून उभा राहिला. तीन मोसम पूर्ण होण्यापूर्वी नवोदिताचा करार बदलता येत नाही, त्यामुळे स्वस्ताईची मुदत केव्हा संपणार हे व्यवस्थापनाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

म्हणून मार्चमध्ये डीबो सॅम्युएलला पाचव्या फेरीच्या एका निवडीवर वॉशिंग्टनला दिले आणि त्याचे ३ कोटींहून अधिक डेड मनी त्याच वर्षी अंगावर घेतले. ड्रे ग्रीनलॉ आणि टालानोआ हुफांगा डेन्व्हरला, चार्व्हेरियस वॉर्ड इंडियानापोलिसला आणि ॲरन बँक्स ग्रीन बेला गेले. एका वर्षी मुद्दाम हलका संघ ठेवून जुनी देणी मिटवली गेली. मे महिन्यात पर्डीला पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाखांचा वाढीव करार मिळाला. गेलेल्यांपैकी ग्रीनलॉला ठेवायला हवे होते असे मला आजही वाटते, पण वही मिटवण्यासाठी तेच वर्ष योग्य होते.